संबळ, तुणतुणं आणि गळा एकत्र रेकॉर्ड करताना

ठाण्यात वागळे इस्टेटला माझा छोटा स्टुडिओ आहे, एकच खोली. गोंधळी, भारूडवाले, वाघ्या-मुरळी असे कलाकार येतात. गोंधळाच्या वेळी अडचण अशी की संबळ एवढा दणदणीत, गाणाऱ्याच्या माईकमध्ये तोच जास्त आणि तुणतुणं तर ऐकूच येईना. म्हणून क्लिक, म्हणजे लय सांभाळायला हेडफोनमध्ये टिकटिक, लावून एकेकाला वेगळं घेतलं आणि त्यातला सगळा जीवच गेला, कारण झील, म्हणजे साथीदारांनी मागून धरायची ओळ, कधी उचलायची हे ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरवतात.

मग सगळ्यांना परत एकत्र उभं केलं आणि गायकाला फिगर-एट पॅटर्नचा माईक लावला. हा पुढून-मागून ऐकतो पण दोन्ही कुशींना जवळजवळ बहिरा असतो, ती कूस, म्हणजे ९० अंशाची बाजू, बरोबर संबळाकडे केली. हेडफोन लावून माईक हळूहळू फिरवायचा, संबळ सगळ्यात कमी येतो तिथे थांबायचं. माईकच्या मागे जाड गोधड्या टांगा, नाहीतर भिंतीवर आपटून संबळ परत येतोच. तुणतुण्याला वेगळा छोटा माईक, वीतभर अंतरावर.

थोडा संबळ तरीही येतो गळ्याच्या ट्रॅकमध्ये, तो मी ठेवतो, गोंधळ असाच ऐकायचा असतो.