जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीची चित्रे काढताना या चुका टाळा

जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीचे चित्र फसते, ते बहुतेक वेळा हात कच्चा असल्यामुळे नव्हे, तर त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा लक्षात न घेतल्यामुळे. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रावर, आणि आपल्याकडे कॅसेट घालून खेळल्या जाणाऱ्या त्याच्या नकलांवरही, चित्र 256 × 240 पिक्सेलचे (म्हणजे चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनांचे) असे आणि हलत्या आकृतीच्या 8 × 8 पिक्सेलच्या प्रत्येक तुकड्याला, पारदर्शक जागा सोडली तर, तीनच रंग मिळत. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ मोठा करून पाहिला, तर लाल, कातडीचा पिवळसर आणि एक मळकट तपकिरी एवढेच रंग सापडतात, केस, मिशी, सदरा आणि बूट हे सगळे त्या एकाच तपकिरीत भागवलेले आहे. त्याला टोपी आणि मिशीही मिळाली ती 1981 च्या ‘डाँकी काँग’ या गेमच्या वेळी, कारण इतक्या थोड्या चौकोनांत केस आणि तोंड नीट दाखवणे त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांना अवघड जात होते.

म्हणून मोठे चित्र काढून ते नंतर बारीक करणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. असे चित्र आकसताना संगणक शेजारच्या रंगांची सरासरी काढतो, कडांवर डझनावारी अधल्यामधल्या छटा तयार होतात आणि डोळ्यांसारखे तपशील चिखलात गेल्यासारखे दिसतात. 16 × 16 किंवा 32 × 32 चा कॅनव्हास आधी ठरवावा, तीन-चार रंग निवडावेत आणि ब्रशऐवजी पेन्सिलचे साधन घ्यावे, कारण ब्रश कडा मऊ करतो. रंग कमी पडत असतील तर नवा रंग घेण्याआधी असलेलाच दुसरीकडे वापरता येतो का, हे पाहावे. ‘सुपर मारिओ’तील ढग आणि झुडपे ही एकच आकृती आहे, फक्त रंग बदललेले आहेत.

चित्र नीट काढूनही ते धूसर दिसत असेल, तर दोष बहुधा मोठे करण्याच्या पद्धतीत असतो. फोटोशॉपमध्ये आकार बदलताना ‘नियरेस्ट नेबर’ हा पर्याय निवडावा, गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये इंटरपोलेशन ‘नन’ ठेवावे, आणि पट नेहमी पूर्णांकात घ्यावी. अडीच पटीने वाढवले की काही पिक्सेल दोन ठिपक्यांचे, तर काही तीन ठिपक्यांचे होतात आणि सरळ रेघही दातेरी वाटू लागते. जेपीईजी स्वरूप कडांभोवती मळ पसरवते, म्हणून पीएनजीतच जतन करावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

एका चित्रात दोन मापांचे पिक्सेल येणे ही चूक सहज लक्षात येत नाही, पण जाणत्याच्या नजरेला तीच आधी खटकते. पात्र चौपट मोठे केलेले, पार्श्वभूमी दुप्पट आणि तलवार तिरकी फिरवल्यामुळे तिच्या कडा भलत्याच कोनात, असा प्रकार झाला की सारा आभास संपतो. फिरवलेली वस्तू मूळ आकारात हातानेच पुन्हा काढावी. दुसरा उपाय नाही. इम्युलेटरच्या, म्हणजे जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्क्रीनशॉटवरून गिरवणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण जुन्या टीव्हीवर फॅमिकॉमचे पिक्सेल किंचित रुंद दिसत आणि पुष्कळ इम्युलेटर तसाच ताण देतात, त्यामुळे चौकोन असमान येतात. ताण बंद करून मूळ मापातच चित्र घ्यावे.

छायेच्या बाबतीत नवशिके आकृतीच्या चहूकडून कडेपासून आत उजळ होत जाणारी वलये काढतात आणि पात्र उशीसारखे फुगीर दिसते. उजेड कोणत्या बाजूने येतो हे एकदा ठरवून छाया एकाच अंगाला ठेवावी. वर आडव्या काळ्या रेघांचा फिल्टर चढवून जुनेपणा आणण्याचा मोह मात्र सोडावा. मूळ चित्र कमजोर असेल तर त्याने काही सुधारत नाही.

हेच चित्र दोसुतीवर किंवा क्रॉस स्टिचच्या जाळीच्या कापडावर भरायचे असेल, तर इंचाला किती घरे आहेत ते आधी मोजावे. इंचाला 14 घरे असलेल्या कापडावर 64 पिक्सेल रुंदीचे चित्र सुमारे साडेअकरा सेंटीमीटर होते, आणि फ्रेमसाठी चारी बाजूंनी कापड वेगळे सोडावे लागते. अशा वस्तू विकायच्या असतील तर मारिओ किंवा पॅक-मॅन जसाच्या तसा घेऊ नये, कारण त्यांचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत. त्याच मर्यादांत स्वतःचे पात्र रचावे.