अहल्येच्या कथेचा माग: महाकाव्यातील एक प्रसंग काळातून कसा वाचावा

रामाचा पाय लागला आणि शिळेची अहल्या झाली, ही कथा मराठी घरात कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाही. ‘अहल्या शिळा राघवें मुक्त केली’ हा मनाचा श्लोक लहानपणीच पाठ होतो आणि पंचकन्यांच्या श्लोकात तिचे नाव पहिले येते. वाल्मीकी रामायणाचे बालकांड उघडले तर मात्र तेथे शिळा सापडत नाही. तेथे राम आणि लक्ष्मण आश्रमात जातात आणि तेच अहल्येचे पाय धरतात. ही तफावत पहिल्यांदा लक्षात आली की ‘मग खरी कथा कोणती?’ असा प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याने अभ्यास पुढे सरकत नाही, कारण त्यामुळे एक पाठ खरा ठरवून बाकीचे सारे मोडीत काढण्याची घाई होते. कथा कोणत्या टप्प्यावर बदलली, ती कोणापुढे सांगितली जात होती आणि आधीच्या कथेतून न मिळणारे असे काय त्या सांगणाऱ्याला हवे होते, हे शोधत गेल्यास तोच प्रसंग आपल्याला दोन हजार वर्षांच्या श्रद्धेचा इतिहास सांगू लागतो. तो कसा शोधावा हे अहल्येच्याच उदाहरणाने पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे संपूर्ण रामायण हाती न घेता एकच प्रसंग निवडावा आणि त्याचे बारीक भाग पाडावेत. ‘अहल्योद्धार’ या एका नावाखाली अनेक वेगवेगळ्या बाबी दडलेल्या असतात. आलेला पुरुष इंद्र आहे हे अहल्येला ठाऊक होते का? इंद्राला कोणती शिक्षा झाली? शापाचे नेमके शब्द काय होते? शापाच्या काळात ती कोणत्या अवस्थेत होती? मुक्ती दर्शनाने झाली, आतिथ्याने, की चरणस्पर्शाने? कोणी कोणाला नमस्कार केला? आणि ही कथा कोण कोणाला सांगत आहे? वहीच्या एका पानावर हे प्रश्न वरपासून खाली लिहून प्रत्येक ग्रंथासाठी एक उभा रकाना ठेवावा. सारांशावरून रकाना भरू नये. मूळ ओळ वाचून, तिचा कांड, सर्ग आणि श्लोक क्रमांक नोंदवून मगच भरावा. संस्कृत येत नसेल तर श्लोकवार भाषांतर असलेली प्रत घ्यावी. गोष्टीरूप रूपांतरे या कामासाठी निरुपयोगी असतात, कारण त्यांत तीनचार ग्रंथांतील तपशील नकळत एकत्र विणलेले असतात.

प्रत निवडताना वाल्मीकी रामायणाच्या बाबतीत बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1960 ते 1975 या काळात सात खंडांत प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती जवळ असावी आणि तिच्या शेजारी प्रचलित पाठाची एखादी प्रत ठेवावी. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची आवृत्ती आहे. तिचे काम 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पूर्ण झाले. अशा आवृत्तीत संपादकांनी अनेक हस्तलिखिते ताडून मुख्य पाठ वर दिलेला असतो आणि उरलेले श्लोक तळटीपांत किंवा परिशिष्टात ठेवलेले असतात. हे तळाचे श्लोक वगळून वाचणे ही नवख्या वाचकांची नेहमीची सवय असते, पण आपल्या कामाचा खरा ऐवज तेथेच असतो. गणपती महाभारताचा लेखक झाला ही सर्वांना प्रिय असलेली कथा भांडारकर आवृत्तीत मुख्य पाठात नसून परिशिष्टात आहे. ती मागाहून आली, एवढ्याने तिचे मोल कमी होत नाही. ती कोणकोणत्या प्रांतांतील हस्तलिखितांत आहे आणि कोणत्यांत नाही हे पाहिले की तिचा प्रवास दिसू लागतो.

आता बालकांड सावकाश वाचावे. मिथिलेजवळच्या उपवनात राम एक ओसाड आश्रम पाहतो, त्याविषयी विचारतो आणि विश्वामित्र त्याला हकीकत सांगतो. मुनिवेष घेतलेला इंद्र अहल्येला ओळखू येतो, आणि ओळखूनही देवराजाविषयीच्या कुतूहलाने ती होकार देते, असे हा पाठ स्पष्ट म्हणतो. तिच्या पतीचा, गौतम ऋषीचा, शाप असा आहे की तिने वायू भक्षण करून, निराहार, भस्मावर पडून, कोणाही प्राण्याला न दिसता याच आश्रमात राहावे. ही शिक्षा कठोर आहे, पण ती एका जिवंत, तप करणाऱ्या स्त्रीची शिक्षा आहे. राम येतो तेव्हा ती तपाच्या तेजाने झळकत असते. दोघे भाऊ तिचे पाय धरतात, ती त्यांचे यथाविधी आतिथ्य करते आणि गौतम तिच्यासह पुन्हा एकत्र येतो. येथे वाचन थांबवू नये. पुढे जनकाच्या नगरीत अहल्येचा मुलगा शतानंद भेटतो आणि आपल्या आईला रामाचे दर्शन घडले का, वडील तिला भेटले का, असे उत्सुकतेने विश्वामित्राला विचारतो. मला हा भाग मूळ प्रसंगाइतकाच मोलाचा वाटतो, कारण या टप्प्यावर कथेला मोडलेले घर पुन्हा जुळण्याची चिंता अधिक आहे आणि रामाच्या दैवी सामर्थ्याचे प्रदर्शन तिला अजून तितकेसे नको आहे, हे त्यातून कळते.

यानंतर दुसऱ्या ग्रंथाकडे जाण्यापूर्वी त्याच ग्रंथात अन्यत्र तो प्रसंग येतो का हे शोधणे आवश्यक आहे. उत्तरकांडात इंद्रजिताकडून पराभूत झालेल्या इंद्राला ब्रह्मदेव त्या पराभवाचे कारण म्हणून हीच कथा ऐकवतो, आणि तेथे अहल्या गौतमाला सांगते की मला न कळता, तुमच्या रूपात आलेल्या देवाने माझ्यावर अत्याचार केला. एकाच रामायणात ती एकदा जाणती आहे आणि एकदा फसवली गेलेली. बालकांडाचा बराचसा भाग आणि उत्तरकांड हे उत्तरकालीन आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा वाद रामायण अजून घडत असतानाच चालू झाला होता. महाभारताच्या शांतिपर्वात तर वेगळीच वाट आहे: गौतम आपल्या चिरकारी नावाच्या मुलाला आईचा वध करायला सांगून निघून जातो, मुलगा नेहमीप्रमाणे विचारच करत राहतो आणि तेवढ्यात बापाला पश्चात्ताप होतो.

ग्रंथांतर्गत शोधाचे महत्त्व द्रौपदीच्या उदाहरणाने अधिक पटते. वस्त्रहरणाच्या वेळी तिने कृष्णाचा केलेला धावा भांडारकर आवृत्तीच्या सभापर्वात मुख्य पाठातून वगळलेला आहे, आणि तेवढे वाचून ‘कृष्ण तेथे नव्हताच’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याच आवृत्तीच्या उद्योगपर्वात मात्र कृष्ण स्वतः म्हणतो की मी दूर असताना कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, ‘गोविंद’ म्हणून हाक मारली, ते वाढत गेलेले ऋण माझ्या हृदयातून जात नाही. तेव्हा एका पर्वातील अनुपस्थितीवरून घाईने निष्कर्ष काढू नये.

मग ग्रंथ कालक्रमाने लावून एकच तपशील पुढे न्यावा. आपण शिळा घेऊ. कालिदासाच्या रघुवंशात अकराव्या सर्गात गौतमाची वधू शिलामयी आहे आणि रामाच्या पायधुळीच्या कृपेने ती आपले रूप परत मिळवते. म्हणजे शिळा आणि चरणरज दोन्ही तेथे आलेले आहेत. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात इंद्र मांजराचे रूप घेतो, अहल्येला शिळा होण्याचा शाप मिळतो, पण मुक्ती रामाच्या दर्शनाने होते. तमिळमध्ये कंबनाच्या रामायणात शिळेला पायाची धूळ लागते आणि विश्वामित्र रामाला म्हणतो की ताटकावधात तुझ्या हाताचे कौशल्य पाहिले, येथे तुझ्या पायाचे पाहिले. हा क्रम पाहून एक सावधगिरी आपोआप कळते: बदल सरळ रेषेत होत नाहीत. शिळा आली म्हणून सर्वत्र पाय आला असे नाही, आणि उत्तरेत जे घडले त्याची वाट पाहत दक्षिण थांबलेली नसते. त्यामुळे रकान्यांमध्ये ‘याने त्याच्यावरून घेतले’ असे बाण काढण्याची घाई करू नये. शब्दांचे किंवा घटनाक्रमाचे ठोस साम्य असेल तरच काढावेत.

अध्यात्म रामायण या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटते. तेथे गौतम तिला आश्रमातील शिळेत राहायला सांगतो, ऊन, वारा, पाऊस सोसत ती एकाग्र मनाने रामाचेच ध्यान करते, राम शिळेला पाय लावतो, आणि त्यानंतर ‘मी राम’ असे म्हणून तिला नमस्कारही करतो. जुना नमस्कार आणि नवा चरणस्पर्श एकाच ठिकाणी शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. राम परब्रह्म आहे हे या ग्रंथाचे प्रतिपादन असल्यामुळे पाय लागणे अपरिहार्य होते, पण ऋषिपत्नीला वंदन करणारा राजपुत्रही कवीला टाकवला नाही. यापुढे अहल्या एक दीर्घ स्तुती करते, जी वाल्मीकींकडे नाही. जेथे पात्र अचानक दीर्घ स्तोत्र म्हणू लागते तेथे त्या कथेचा उपयोग बदललेला असतो, ही खूण इतर प्रसंगांतही उपयोगी पडते.

एक बदल दुसऱ्या बदलाला जन्म देतो, तोही शोधावा. पायाने दगडाची स्त्री होते हे एकदा मान्य झाल्यावर नावाड्याला भीती वाटणे ओघानेच आले. अध्यात्म रामायणात अहल्येच्या लगेच पुढे, मिथिलेच्या वाटेवर गंगा ओलांडताना नावाडी म्हणतो की लाकूड आणि दगड यांत अंतर ते काय, आधी तुझे पाय धुतो. तुलसीदासांनी 1574 साली आरंभिलेल्या रामचरितमानसात हाच संवाद अयोध्याकांडात, वनवासाला निघालेल्या रामाच्या वाट्याला येतो आणि तेथे तो फार हृदयस्पर्शी होतो, कारण राजवैभव सोडून आलेल्या रामाला एक गरीब केवट ओळखतो. वाल्मीकींच्या रामायणात गुह नाव आणवतो, पण पाय धुण्याचा हा हट्ट तेथे नाही. शिळाच नाही, तर त्याची गरज कशी पडावी?

प्रसंगातील प्रत्येक देवतेचा रकाना स्वतंत्रपणे वाचून पाहावा. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात यज्ञातील आवाहनात इंद्राला ‘अहल्येचा जार’, म्हणजे तिचा प्रियकर, म्हणून हाक मारलेली आहे आणि ती त्याला कमीपणा आणण्यासाठी नाही, तर त्याला सन्मानाने बोलावण्यासाठी आहे. बालकांडात त्याच इंद्राचे वृषण गळून पडतात आणि त्याला मेंढ्याचे लावावे लागतात. पुढील परंपरेत त्याच्या अंगावर सहस्र योनिचिन्हे येतात आणि त्यांचे डोळे होतात. गंमत अशी की बालकांडात शापाच्या आधीच तो ‘सहस्राक्ष’ आहे. इंद्र जसजसा खाली येतो तसतसा राम वर जातो, आणि त्या दोघांच्या मधे अहल्या अधिकाधिक निश्चल होत जाते. माझ्या मते या प्रसंगाच्या इतिहासाचे सार येथे आहे: देवाचे सामर्थ्य दाखवायचे तर ज्याचा उद्धार करायचा ते जितके जड तितके बरे, म्हणून स्वतःच्या तपाने तेजस्वी झालेली स्त्री दगड झाली.

मराठीकडे येताना श्रोता कोण हे आधी ठरवावे. एकनाथांचे भावार्थ रामायण, 1703 साली पूर्ण झालेला श्रीधरांचा रामविजय आणि मोरोपंतांची अनेक रामायणे ही एकाच प्रकारच्या वाचकांसाठी नव्हती. पारायणात मोठ्याने वाचली जाणारी ओवी आणि अक्षरचमत्कृतीचा आनंद घेणाऱ्या रसिकासमोरची आर्या यांत एकच प्रसंग वेगळ्या लांबीचा होणारच. 1955 साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणात अहल्या स्वतःच गाते, हेही नोंदवावे, कारण तेथे विश्वामित्राच्या तोंडची हकीकत संपून तिचा प्रथमपुरुषी आवाज सुरू होतो. जात्यावरच्या ओव्यांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यात वर्ष लिहू नये. ओवी ज्या वर्षी नोंदवली गेली ते तिच्या जन्माचे वर्ष नसते. ओवी कोणत्या गावात, कोणत्या कामाच्या वेळी म्हटली गेली, एवढे मात्र लिहावे. आधुनिक कथांनाही जागा द्यावी. पुदुमैपित्तन यांच्या 1943 सालच्या तमिळ कथेत रामाने सीतेला अग्निदिव्य करायला लावले हे कळल्यावर अहल्या पुन्हा दगड होते. बालकांडातील जाणत्या अहल्येचा रकाना समोर असेल तर या कथेची धार अधिक कळते.

एवढे झाल्यावर दुसरा प्रसंग निवडायचा असेल तर लक्ष्मणरेषा घ्यावी. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात ती नाही. रामचरितमानसाच्या अरण्यकांडात सीताहरणाच्या जागीही ती आखलेली दिसत नाही. पण लंकाकांडात मंदोदरी रावणाला सुनावते की रामाच्या धाकट्या भावाने ओढलेली लहानशी रेषा तुम्हाला ओलांडता आली नाही, असा तुमचा पुरुषार्थ! न सांगितलेल्या घटनेचा असा उल्लेख तेव्हाच शक्य होतो, जेव्हा ती श्रोत्यांना आधीपासून ठाऊक असते. ती त्यांना कोठून ठाऊक झाली असेल, याचा शोध त्या एका चौपाईपासून मागे जात सुरू करावा.