जुन्या ॲम्प्लिफायरचा इनपुट खरखरत असल्यास
जुन्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटमधून आवाज तुटक येत असेल, तर प्रथम ६.३५ मिलिमीटरचा जॅक तपासावा. आत घातलेला प्लग किंचित हलवताच आवाज ये-जा करू लागला, तर दोष बहुधा जॅकच्या काळवंडलेल्या पत्तीत किंवा तडकलेल्या सोल्डरमध्ये (पिना जोडण्यासाठी वितळवून लावलेल्या धातूत) असतो. जॅकच्या पिनेभोवतीच्या सोल्डरमधली केसाएवढी गोल चीर भिंगातून दिसते. वीजजोडणी काढल्यावरही व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) यंत्रातील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून ते रेझिस्टरमधून उतरवून मल्टिमीटरने खात्री करावी (येथे घाई जिवावर बेतू शकते). मग पत्तीवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करावा. घासकागदाने मुलामा निघतो, तो टाळावा. चीर असल्यास जुने सोल्डर शोषून काढून नवे भरावे.