एअर शोला जाताना: जागा कुठं धरायची, कसं बसायचं

एअर शोमध्ये पुढची जागा म्हणजे चांगली जागा नव्हे. विमानं पाहायला गावाहून नागपूरला निघताना गाडीतल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो. एवढं पटलं की ढकलाढकलीचं अर्धं कारण तिथंच संपतं.

आमच्या आर्वी तालुक्याकडच्या माणसाला गर्दीत उभं राहायची सवय लागते ती शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. पटाच्या दोराजवळ उभं राहून लोकांना मागं सारायचं काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. बैलजोडी सुटली की काही सेकंदांत डोळ्यांपुढून निघून जाते, आणि जाते ती जमिनीवरून. दोराला चिकटलेल्या दोन-तीन रांगांना ती दिसते, मागच्यांच्या वाट्याला धूळ आणि आरडाओरडा येतो. म्हणून पटात माणूस पुढं घुसतो, आणि त्याचं घुसणं मला समजतं. एअर शोमध्ये खेळ आभाळात असतो. तिथं ही सवय उपयोगाची तर नाहीच, उलट सगळ्यांचं पाहणं बिघडवते.

हिशेब करून सांगतो. विमानांनी प्रेक्षकांच्या रेषेपासून किती लांब राहायचं याचे नियम असतात. अमेरिकेत सगळ्यात वेगवान लढाऊ विमानांसाठी हे अंतर 1500 फूट आहे, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर. तुम्ही कोपर मारत, लोकांच्या सतरंज्या तुडवत तीस फूट पुढं गेलात, तर 1500 चे 1470 झाले. एवढ्यानं विमान मोठं दिसत नाही.

समोर कोणी उभं राहिलं, तर मात्र फार फरक पडतो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचा डोळा अडीच फुटांवर असतो. समोर साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला, तर त्याचं डोकं तुमच्या डोळ्याच्या तीन फूट वर गेलं. तो तुमच्यापासून नऊ फुटांच्या आत उभा असेल, तर 1500 फूट लांबून आणि 500 फूट उंचीवरून जाणारं विमान त्याच्यामागं पूर्ण झाकलं जातं. तोच माणूस खाली बसला, तर जवळपास सगळं मैदान मोकळं होतं. उभ्या राहिलेल्या एका माणसामागं चार-पाच माणसांचं पाहणं जातं. मग ती चार-पाच माणसंही उठतात, त्यांच्यामागची वीस उठतात, आणि शेवटी सगळे उभे राहूनही पहिल्यापेक्षा कमीच दिसतं. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना तर काहीच दिसत नाही.

म्हणून बसायचं, आणि समोरच्यालाही बसायची विनंती करायची. ती कशी करायची यालाही महत्त्व आहे. ‘ए, बस खाली’ म्हटलं की माणूस इरेला पेटतो. मी जवळ जाऊन हळू आवाजात सांगतो, ‘काकाजी, बसा न जी थोडे, मांगं लेकरं हायेत, त्यायले दिसून नाही राह्यलं.’ लेकराकडं बोट दाखवलं की बहुतेक माणूस बसतो. गुडघ्याच्या दुखण्यानं त्याला बसता येत नसेल, तर त्याला एकदम मागं किंवा कडेला उभं राहायला जागा करून द्यायची. त्यात त्याचा अपमान नाही, तिथून त्याला उलट चांगलं दिसतं.

खुर्च्यांचंही हेच. प्लास्टिकची खुर्ची आणायला हरकत नाही, पण खुर्चीवाले मागं आणि सतरंजीवाले पुढं, हा क्रम मोडू नका. म्हातारी माणसं सोबत असतील तर मी मागच्या कडेची, सावलीजवळची जागा धरतो. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा पिकअप मैदानाजवळ नेऊ देत असतील, तर तीही सगळ्यांच्या मागंच लागली पाहिजे. टिनाच्या छपरावर, पाण्याच्या टाकीवर, कंपाउंडच्या भिंतीवर पोट्ट्यांना चढू देऊ नका. वर पाहता पाहता पाय कुठं पडतो ते कळत नाही.

आता जागा धरण्याबद्दल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली सवय जुनी आहे. मैदानावर तिचा त्रास होतो. एक पोट्टा सकाळीच येतो, तीन ताडपत्र्या पसरतो आणि म्हणतो, ‘आमचे पंचवीस लोक येऊन राह्यले.’ ते पंचवीस लोक शो सुरू झाल्यावर येतात आणि बसलेल्या दोनशे जणांच्या अंगावरून वाट काढत जातात. आमच्या गाडीचा नियम असा आहे की जेवढी माणसं हजर, तेवढीच सतरंजी उलगडायची. उशिरा येणाऱ्यानं जिथं जागा मिळेल तिथं बसायचं. घरचे लोक शेजारी नसले तरी विमान तेच दिसतं.

सतरंजीपेक्षा बारदाना बरा. घडी करून एका माणसापुरता होतो, ओली माटी आणि काटे दोन्ही अडवतो. दोन बारदान्यांच्या मधून एक पाऊल पडेल एवढी फट ठेवा. बायांना आणि लेकरांना संडास-मोरीला जावं लागतं. वाट नसेल तर बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून वाटेबद्दल मी कोणाचं ऐकत नाही. आयोजकांनी आखलेल्या मोठ्या वाटेवर तर कोणीच बसायचं नाही. ती रुग्णवाहिकेची वाट आहे.

छत्री उघडू नका. एका छत्रीमागं तीन उभ्या माणसांइतकं आभाळ झाकलं जातं. टोपी, शेला, दुपट्टा, ओढणी, जे असेल ते डोक्याला बांधा. उन्हाची ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. 6 ऑक्टोबर 2024 ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर वायुसेनेच्या 92 व्या वर्धापनदिनाचा शो झाला. पंधरा लाखांच्या आसपास लोक जमल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. भर दुपारच्या उन्हात, पाण्याविना, आणि परतताना एकाच वेळी उसळलेल्या गर्दीत पाच माणसं गेली. विमान पाहायला आलेली घरची माणसं होती ती. म्हणून माणशी दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, आणि न नासणारं खाणं घ्या: तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, फुटाणे. आत काय नेऊ देतात ते आदल्या दिवशी विचारून घ्या. बाटली गेटवर काढून घेतली, तर आतला नळ कुठं आहे ते आधी शोधा आणि मग बसा.

ऊन पाठीवर राहील अशी जागा मिळाली तर फार चांगलं. हिवाळ्यात आपल्याकडं सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, म्हणून उत्तरेकडं तोंड करून बसलेल्याला डोळे बारीक करावे लागत नाहीत. दुर्बीण असेल तर लेकराला बजावून ठेवा की ती सूर्याकडं न्यायची नाही.

शोमध्ये गर्दी केव्हा उसळते हे माहीत असलं की सांभाळणं सोपं जातं. नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. 2022 च्या नोव्हेंबरात वायुसेनानगरात एअर फेस्ट झाला, तसे कार्यक्रम आपल्या भागातल्या लोकांना जवळ पडतात. अशा शोचं मोठं आकर्षण म्हणजे वायुसेनेची सूर्यकिरण तुकडी. 1996 साली ही तुकडी किरण विमानांवर सुरू झाली, मधे काही वर्षं बंद पडली, आणि आता हॉक विमानांवर उडते. नऊ विमानं एकमेकांना लागून उडताना जी आकृती करतात, ती मागं बसलेल्यालाही तेवढीच छान दिसते. इथं कोणी उठायचं कारणच नाही. वायुसेनेच्याच सारंग तुकडीची ध्रुव हेलिकॉप्टरं खाली येऊन एका जागी थांबतात, तेव्हा लोक गुडघ्यावर होतात. ‘बसा, बसा’ म्हणायची पहिली वेळ ही.

सगळ्यात अवघड वेळ येते ती वायुसेनेच्या आकाशगंगा तुकडीचे जवान पॅराशूटनं उतरतात तेव्हा. तिरंगा घेऊन जवान खाली येताना दिसला की माणसाचं मन भरून येतं, माझंही येतं, आणि पाय आपोआप दोराकडं धावतात. त्याच क्षणी पुढच्या रांगेतली लेकरं दोराला आणि बॅरिकेडला दाबली जातात. ते जवान वरून येताना डोळे भरून पाहा. बराच वेळ ते हवेत असतात आणि सगळ्यांना दिसतात. टाळी बसूनही वाजते. पहिल्या रांगेत बसणाऱ्यांवर इथं सगळ्यात मोठी जबाबदारी असते, कारण पहिली रांग उठली नाही तर मागची उठत नाही. म्हणून आमच्या गावची समजदार माणसं मी पुढच्या टोकाला बसवतो, पोट्ट्यांना नाही.

दोर कुठं बांधला आहे याचा राग मानू नका. 28 ऑगस्ट 1988 ला जर्मनीतल्या रामस्टाइनच्या शोमध्ये इटलीच्या तुकडीची तीन विमानं हवेत धडकली आणि एक पेटत येऊन प्रेक्षकांवर पडलं. 70 माणसं गेली. त्यानंतर अनेक देशांनी अंतराचे आणि प्रेक्षकांच्या दिशेनं उडण्याचे नियम कडक केले. दोरावरचा जवान ‘भाऊ, मागं व्हा’ म्हणतो, तेव्हा तो हेच अंतर सांभाळत असतो.

विमान आवाजाच्या पुढं असतं, हे लेकरांना सांगून ठेवा. कानाला जिथून ऐकू येतं तिथून ते केव्हाच निघून गेलेलं असतं. आवाजाच्या पुढं पाहायची सवय लागली की ‘कुठं गेलं, कुठं गेलं’ करत उठणं बंद होतं. तान्ह्या लेकराच्या कानाशी रुमाल धरा, आणि फार रडत असेल तर त्याला घेऊन मागं जा. लेकराला खांद्यावर घेऊन गर्दीच्या मधोमध उभं राहू नका. खांद्यावरच घ्यायचं असेल तर मागची कड आहे. मोबाईलही कपाळाच्या वर नेऊ नका, आपल्यामागं कोणी आहे एवढं लक्षात ठेवा.

संत्र्याची सालं, पुऱ्यांचे तुकडे, पन्नी, सगळं पिशवीत भरून घरी आणा. खाणं पडलं की घारी घिरट्या घालायला येतात, आणि घार विमानाच्या इंजिनात गेली तर पायलटचा जीव धोक्यात येतो. हलकी पन्नी वाऱ्यानं उडून धावपट्टीवर जाते, तीही इंजिन ओढून घेतं. आपल्यासाठी जो माणूस एवढं करून दाखवतो, त्याच्या वाटेत आपला कचरा जाता कामा नये.

गाडी कुठं लावता तेही पाहा. वाळल्या गवतावर, कापलेल्या सोयाबीनच्या कुटारावर गाडी लावू नका, तापलेला सायलेन्सर पुरेसा असतो. 2019 च्या फेब्रुवारीत बंगळुरूजवळ येलहंकाला एअरो इंडियाच्या पार्किंगमध्ये आग लागली, वाळल्या गवतातून पसरली आणि तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या. गवतावरच लावायला सांगितलं, तर गाडीखालचं गवत उपटून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. मैदानात बिडी-सिगारेट अजिबात नाही.

लेकराच्या दंडावर पेनानं मोबाईल नंबर आणि गावाचं नाव लिहा. मोबाईल नसलेल्या म्हाताऱ्या मावशीच्या बटव्यात तशीच चिठ्ठी ठेवा. गर्दी वाढली की फोन लागत नाहीत, म्हणून भेटायची जागा सकाळीच दाखवून ठेवायची. ती गेट नसावी, सगळी गर्दी गेटवरच तुंबते. गेटपासून लांबचं एखादं मोठं झाड किंवा दुकानाची पाटी बरी.

शो संपल्याबरोबर उठू नका. बसल्या जागी डबा उघडा. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर वळता येतं, सहा-सात झाली की माणूस आपल्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला नेते. अशा वेळी जीव जातात ते बहुतेक वेळा तुडवल्यानं नाही, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानं. असं कधी सापडलात तर दोन्ही हात छातीपुढं आडवे धरा, लेकरू उचलून घ्या, चप्पल किंवा मोबाईल पडला तर वाकू नका, लोंढ्याच्या उलट जोर लावू नका, तिरपं तिरपं कडेला सरका. मागून ढकलणाऱ्याला पुढं काय चाललं आहे ते दिसत नसतं, म्हणून ‘थांबा’ हा शब्द तोंडोतोंडी मागं पोचवावा लागतो.

हे इतकं लावून धरतो, कारण आमच्या गाडीत कपाशीच्या वेचणीची एक दिवसाची मजुरी सोडून आलेल्या बाया असतात. मागच्या वेळी त्यांच्यातल्या एकीनं पहिल्यांदाच इतक्या जवळून विमान पाहिलं. दिवसभर लोकांच्या पाठी पाहून तिनं परत जावं, हे मला सहन होत नाही. मैदानात उरलेल्या जागेची वाटणी करताना तिला आधी बसवा, उंच माणसांना मागं ठेवा.

परतीसाठी काळीपिवळी ठरवली असेल, तर ड्रायव्हरला शो संपल्यावर तासाभरानं यायचं सांगा. त्याचं जेवण आणि तासभर झोप दुपारीच होऊ द्या. आर्वीकडचा रस्ता रात्रीचा आहे, आणि कापसाच्या गाड्या, बैलबंड्या अंधारात रस्त्यावर असतात.