हत्तीरोगाच्या गोळ्या: दिल्या किती, गिळल्या किती

माझ्या पहिल्या फेरीत गाव रोवणीला गेलेलं होतं. एका घरी आजी तेवढ्या भेटल्या. पाच जणांच्या पुड्या त्यांच्या हाती दिल्या, रजिस्टरमध्ये पाचही नावांपुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. महिन्याभराने दुसऱ्या कामाने तिथे गेलो, तर देवळीत पाचही पुड्या तशाच. आजी म्हणाल्या, "जपून ठिवल्या नं बाप्पा. कोनाचा पाय सुजला तं कामी येतीन."

पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेवर नव्याने येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. आजींचं काहीच चुकलं नव्हतं. औषध आजाऱ्याने घ्यायचं, हे त्यांना जन्मभर माहीत. आपण मात्र धडधाकट माणसाला गोळी देतो. कारण क्युलेक्स डासामार्फत आलेले जंतू त्याच्याही रक्तात असू शकतात, ते रात्रीच्या रक्तनमुन्यातच सापडतात, आणि पाय सुजायला कित्येक वर्षं जातात. हे सगळं दारात उभ्याउभ्या पटत नाही. म्हणून मी आधी एवढंच सांगतो, की एकदा पाय हत्तीसारखा झाला की या गोळीने तो बारीक होत नाही. तेवढं ऐकल्यावर लोक बसायला चटई टाकतात.

तिहेरी औषध, म्हणजे डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तीन औषधं एकत्र, असेल तिथे (नागपूर जिल्ह्यात ते २०१९ साली सुरू झालं) आयव्हरमेक्टिन उंची मोजून देतात. डीईसीच्या ३, चावून खायची अल्बेंडाझोलची १ आणि उंच माणसाला आयव्हरमेक्टिनच्या ४. तळहातावर ८ गोळ्या पाहून कोणीही दचकेल. मी चौकात सगळ्यांसमोर माझ्या गोळ्या आधी खातो. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना त्या द्यायच्या नाहीत. हे आपणहून सांगितलं, की बाकीच्यांचा विश्वास वाढतो.

सगळ्यात जास्त नुकसान भीतीने होतं. एका टोलीत दोघांना रात्री चक्कर आली, उलट्या झाल्या. सकाळी अख्ख्या टोलीची दारं बंद. रक्तातले जंतू मरताना ताप, मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, हे आम्ही आदल्या दिवशी बोललोच नव्हतो. त्यात दोघांनीही उपाशीपोटी गोळ्या घेतलेल्या. आशाताई आणि मी दिवसभर त्या दोघांच्या ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळी ते बरे होऊन हिंडताना दिसले, तेव्हा कुठे तीन घरं उघडली. तेव्हापासून दुसऱ्या दिवशीची फेरी मी कधीच चुकवत नाही. माझ्या मते गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण वाढवणारी याहून मोठी गोष्ट नाही.

वेळ संध्याकाळची धरा, जेवणं झाल्यावरची. गोळी आपल्यासमोरच गिळू द्या. पुरुष टाळाटाळ करत असतील तर त्यांना बाजूला घेऊन बोला. अंडवृद्धी याच जंतूंमुळे होऊ शकते आणि शस्त्रक्रियेने ती बरी होते, हे चारचौघांत कोणी विचारत नाही.

आणि ज्याने गोळी घेतली नाही, त्याच्यापुढे 'नाही' असंच लिहा. ते नाव म्हणजे उद्याचं घर. फेब्रुवारीच्या फेरीत मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्यांची यादी वेगळी करा, आणि ते परततील तेव्हा त्यांच्यासाठी गोळ्या मिळतील का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारून ठेवा.