चिंध्यांची भिंतगोधडी: कवंदीच्या रीतीने

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया जुन्या साड्या-कपड्यांतून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. त्यांच्या हाताला मान द्यायचा म्हणून डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचे चित्र चिंध्या चिकटवून करावे, असा सल्ला मला मिळाला; तो मुळीच पटत नाही. मान द्यायचा असेल, तर त्यांची रीत शिकून भिंतीवर टांगायची गोधडी शिवावी आणि टाका उघड दिसू द्यावा.

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या शिंप्यांकडे कात्रणे मागितली की मिळतात. तळाला घरातील मऊ सुती लुगड्याचा दोन फूट बाय तीन फूट तुकडा पुरे. इथल्या मराठी घरात महेश्वरी साडीचा जुना काठ हमखास निघतो आणि तो लावण्याचा मोहही होतो. परंतु तिचा ताणा, म्हणजे उभा धागा, बहुधा रेशमी असतो आणि जुने रेशीम घडीवर चिरते, म्हणून अशा तुकड्याला मागून सुती अस्तर द्यावे. सगळे कापड आधी धुऊन आटवून घ्यावे.

आता खरी अडचण. पहिल्या वेळी मी सगळी ठिगळे मशीनवर जोडून एकसंध पत्रा केला, तो तळावर पसरला आणि कडेकडेने आत शिवत गेले. पाचव्या फेरीला मधोमध टम्म फुगलेल्या पुरीसारखा फुगवटा आला, तो इस्त्रीनेही बसला नाही आणि अख्खा रविवार टाके उसवण्यात गेला. सुई प्रत्येक ओळीत वरचे कापड किंचित पुढे ढकलते; ते साचलेले कापड मध्याकडे सरकते आणि वरचा थर आधीच बंद असेल, तर त्याला जायला वाट उरत नाही.

म्हणून ठिगळे आधी जोडू नयेत, टाचण्याही लावू नयेत. एका कोपऱ्यात तळाची कड बोटभर आत दुमडावी, पहिल्या ठिगळाची कडही तशीच दुमडून तिच्याशी भिडवावी आणि जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. ठिगळ संपत आले की त्याच्या कडेखाली पुढचे सरकवावे, वरची कड बोटांनीच मुडपावी आणि ओळ न तोडता पुढे जावे. चारही कडा झाल्या की बोटभर आत दुसरी फेरी, मग तिसरी. प्रत्येक फेरीनंतर काम जमिनीवर ठेवून तळहाताने मध्याकडे निपटावे. दोरा ओढून ताणू नये. टाका कापडावर टेकला की पुरे, कारण ताणलेल्या दोऱ्याने तळाला चुण्या पडतात आणि त्या दिसतात थेट उलटे केल्यावर. शेवटी मध्ये वेडेवाकडे भोक उरते. त्याचे माप आधी काढण्याच्या फंदात पडू नये; जे उरेल त्याच्यावर ठेवूनच शेवटचे ठिगळ कापावे. माझ्या एका कामात तिथे परकराच्या नाडीची पट्टी बसली, आणि बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी, म्हणजे ‘फूल’, लावल्याशिवाय सिद्दी स्त्रिया कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत; ते गाळू नये.

मागच्या बाजूला कपडे कोणाचे आणि रीत कोणाची, हे दोऱ्याने लिहावे. कवंदी मात्र म्हणू नये, कारण ती त्यांची आहे. वरच्या कडेला कापडी नेफा शिवून त्यात बांबूची काठी सरकवावी.