शेअर घेतलेत ना, मग प्रश्न पण विचारा

इंदूरला सकाळी पोहे-जिलबी खाता खाता भाव सगळे बघतात, कंपनी कामगारांना कसं वागवते ते कोण बघतो? आधी अ‍ॅन्युअल रिपोर्टमधला बीआरएसआर, म्हणजे कंपनीच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल, उघडा, सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना तो कंपल्सरी केलाय, त्यात प्रिन्सिपल 5 (पाचवं तत्त्व) म्हणजे मानवाधिकार, तिथे किमान वेतन, लैंगिक छळाच्या आणि बालमजुरीच्या तक्रारी असे आकडे असतात. पर्मनंट नसलेल्या मजुरांचा रकाना नीट बघा, गोम तिथेच असते. मग एजीएमच्या (शेअरधारकांच्या वार्षिक सभेच्या) नोटिशीतल्या मुदतीत, प्रश्न विचारायला स्पीकर म्हणून नाव नोंदवा. "आम्ही कटिबद्ध आहोत" असलं उत्तर आलं तर सरळ आकडा मागा. ई-व्होटिंगही सोडू नका, डायरेक्टरच्या फेरनेमणुकीला विरोधात मत देता येतं. नुसता म्युच्युअल फंड असेल तर फंड हाऊसला (फंड चालवणाऱ्या कंपनीला) ईमेल टाका, शेअरवर मत तेच देतात, आणि कुठे कसं मत दिलं ते त्यांना जाहीर करावंच लागतं.